पंधरवड्यातल्या चकल्या

आमच्या घरी दिवाळी पितृपंधरवड्यात सुरू होते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. वीसेक वर्षं मुरडतच आहेत, त्याने आमच्या चकलीचा काटा काही मोडलेला नाही.

यंदाही तेच. परवा सकाळी डोंबिवलीत पोचले, पाय धुतले, आणि चहाच्या आधी आईने हातात परात दिली. भाजणी भिजवायची होती. खाली गल्लीत गणपतीच्या मंडपाचे बांबू सोडवणं चाललं होतं. एकजण शिडीवर, दोघं खाली नुसते सल्ले द्यायला. भिंतींना अजून ओल आहे, पण उन्हाला धार आली आहे. दोरीवरचे टॉवेल एका अंगाने कडक आणि दुसऱ्या अंगाने दमट. खाडीकडून चतुर आलेत, गॅलरीत घिरट्या घालतात आणि जाळीवर आपटतात. कुंडीतला तेरडा मान टाकून बसलाय. या दिवसांना धड नाव नाही. पावसाळा म्हणावा तर छत्री आठवडाभर कोपऱ्यात उभी आहे, उन्हाळा म्हणावा तर ऑक्टोबर अजून यायचा आहे. सणांच्या मधले हे पंधरा दिवस लोक खाली मान घालून काढतात. खरेदी नको, नवं काही नको, शुभ काही बोलायला नको. मला मात्र वर्षातले हेच दिवस सगळ्यात जवळचे वाटतात, कारण सात वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एक पत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवून या घरात दोन आठवडे काढले होते.

पत्र हॅम्बुर्गचं होतं. मी आणि माझा नवरा निखिल तिथे राहतो. तेव्हा आम्हाला तिथे चौदा वर्षं झाली होती. आमची सई तिथेच जन्मली आणि तिथेच शाळेत जात होती. पत्रात लिहिलं होतं की नागरिकत्वासाठीचा माझा अर्ज पुढे सरकला आहे, महिनाअखेरीपर्यंत मी शेवटचा होकार सही करून कळवावा. होकार म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करणं. आपला देश एकाच वेळी दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. एक हातात घ्यायचा तर दुसरा टेबलावर ठेवायचा. मी सही केलेली नव्हती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठाण्याला ठरलं होतं, त्यासाठी मी आले होते, आणि आईला सांगितल्याशिवाय सही करायची नाही एवढं एकच पक्कं केलं होतं. सांगायचं कसं, हे काही केल्या सुचत नव्हतं. नुकत्याच भुलीतून उठलेल्या आईला, तुझी मुलगी आता कायद्याने परदेशी होणार, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मुळात मला ते नागरिकत्व कशाला हवं होतं? लोकांची उत्तरं तयार असतात. पगार, सोयी, व्हिसाच्या रांगा. मला या उत्तरांचा वीट आला आहे, म्हणून खरं काय ते सांगते. आमच्या भागात पोहण्याचा एक जुना सार्वजनिक तलाव होता. सई त्यात पोहायला शिकली. मीही त्यातच शिकले, चाळिसाव्या वर्षी, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. तो ठेवायचा की बंद करायचा यावर आमच्या वॉर्डात मतदान झालं. घरोघरी पोस्टाने मतपत्रिका आल्या. आमच्या पेटीत आली नाही. चौदा वर्षं कर भरला, पाळी आली की फुटपाथवरचा बर्फ झाडला, शाळेच्या जत्रेत शंभर-शंभर बटाटेवडे तळले, पण मत नाही. शेजारची म्हातारी, जिची औषधं मी दर आठवड्याला आणून देते, ती माझा हात धरून मायेने म्हणाली, "तू का एवढं मनाला लावून घेतेस? तू तर आमची पाहुणी."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तलाव थोडक्या मतांनी गेला. दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला.

माझ्या ऑफिसात तेव्हा भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर होतं. पृथ्वीचा गोळा, त्याभोवती हातात हात घालून उभी माणसं, आणि खाली मजकूर की आपण सगळे जगाचे नागरिक. मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसायचे. इतकी वर्षं परदेशात काढल्यावर मी जगाची झाले, असं माझ्याबद्दल इकडचे आणि तिकडचे दोन्ही लोक कौतुकाने बोलतात, आणि मला दर वेळी विचारावंसं वाटतं की या जगाच्या नागरिकाची मतपत्रिका कुठल्या पत्त्यावर येते? जगाचं म्हणून कुणी कधी मला तलावाबद्दल विचारलेलं नाही. विचारतात ते गल्लीचे लोक. त्यामुळे जगाशी नातं जोडायचं असेल तर ते एखाद्या गल्लीतूनच जोडावं लागतं, असं माझं आपलं मत झालं आहे. मी तर दोन गल्ल्या मागत होते. त्यात इतकं काय बिघडलं?

त्या वर्षी विमानतळावरून येताना शीळफाट्याला अडीच तास अडकले. टॅक्सीवाल्याने गाडी बंद करून टाकली, खाली उतरून दोन वडापाव आणले आणि त्यातला एक न विचारता मला दिला. अंग आंबून गेलेलं, तरी मला बरं वाटलं. मग घराशी पोचले तर गेटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी सबनीसकाका उभे. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त, लहानपणी मला त्यांनीच व्याजाची गणितं शिकवलेली. बॅगेकडे बघून म्हणाले, "या, या! पाहुण्या आल्या! किती दिवस मुक्काम?"

ज्या जिन्यात पडून माझा पुढचा दात गेला, ज्या कठड्यावरून घसरत मी शाळेला जायचे, त्या जिन्याच्या तोंडाशी मला मुक्काम विचारला गेला. मी हसून "तीन आठवडे" म्हटलं आणि बॅग उचलली. पण डोक्यात सणक गेली होती. तिकडे पाहुणी, इकडे पाहुणी. मग माझं घर काय विमानात आहे?

आईला असल्या गोष्टींशी कर्तव्य नसतं. ती सव्वीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. तिथे विजेचे मीटर आणि स्विच बनायचे आणि माल बाहेरदेशी जायचा. आई दिवसभर उभ्याने खोकी भरायची. स्वतः ती देशाबाहेर कधी गेली नाही, शिर्डीच्या पलीकडेही फारशी नाही, पण तिचा भूगोल पक्का होता. आफ्रिकेतलं मोंबासा म्हणजे दमट, खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या दोन जास्त. दुबईचं जेबेल अली बंदर म्हणजे कंटेनर उन्हात तापणार, साधी चिकटपट्टी सुटते. हॅम्बुर्ग म्हणजे थंडी, पण माणसं माल नीट उतरवून घेतात. निखिलला हॅम्बुर्गला नोकरी लागली तेव्हा नातेवाइकांनी शंभर शंका काढल्या. आई म्हणाली, "हॅम्बुर्गहून फुटका माल कधी परत आलेला नाही. जा." तिने दिलेला आशीर्वाद तो एवढाच.

आम्ही गेलो त्या पहिल्या वर्षी तिने पाठवलेला फराळ तुळशीचं लग्न उरकल्यावर पोचला, आणि चकल्यांचा पार भुगा झाला होता. मी फोनवर "चव मस्त होती गं" म्हटलं. पण पॅकिंग खात्यातल्या बाईच्या हातचा माल फुटून पोचला, हे तिला भयंकर लागलं. पुढच्या वर्षीपासून तिने सूत्रं हातात घेतली. माल वेळेवर म्हणजे वेळेच्या तीन आठवडे आधी, हा कारखान्याचा नियम. नरकचतुर्दशीपासून उलटं मोजलं, कुरियरचे दिवस धरले, कस्टममध्ये अडकायचे दिवस धरले, की बोट येऊन पडतं ते पितृपंधरवड्यावर. आता एकटं आमचंच घर असं राहिलेलं नाही. फडके रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत या दिवसांत हिंडा. पंधरवडा असूनही दुकानांवर 'दिवाळी फराळ परदेशी पाठवा' असे फलक दिसतील. पण आईने सुरुवात केली तेव्हा बिल्डिंगमध्ये खळबळ उडाली होती.

सबनीसकाकू पहिल्यांदा वर आल्या त्या वासाने. म्हणाल्या, "अहो वहिनी, पंधरवड्यात दिवाळीचं तळण? पितरांना काय वाटेल?"

"त्यांना विचारलंय मी," आई म्हणाली. "पहिली त्यांनाच देत्ये."

आणि तिने खरोखर तसं केलं. बाबांची तिथी पंधरवड्यातलीच. त्यांच्या श्राद्धाच्या पानावर वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि कडेला एक चकली, एक बेसनाचा लाडू. गुरुजी दचकले. "हे काय?" म्हणाले. आई म्हणाली, "नातीला पाठवायचंय. आजोबांनी चव बघितल्याशिवाय खोकं बंद कसं करू?" गुरुजींनी पानाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुढचा मंत्र जरा भरभर म्हटला. तेव्हापासून आमच्याकडे हीच रीत आहे. बाबा आधी, मग खोकं. ही चूक असेल तर असू दे. माझ्या माहितीत आजवर बाबांनी तक्रार केलेली नाही.

खोकं भरणं हा तर सोहळाच. पत्र्याचा डबा, तळाला फुगे असलेलं प्लास्टिक. त्यावर लाडू, प्रत्येक लाडू कागदात. वरच्या थरात चकल्या उभ्या, आडव्या कधीच नाहीत. आडवी चकली स्वतःच्याच वजनाने मोडते. दोन चकल्यांमधली जागा पातळ पोह्यांच्या चिवड्याने भरायची. कारखान्यात तिथे लाकडाचा भुसा भरत. झाकण लावून डबा हलवायचा आणि कान लावायचा. आवाज आला तर पुन्हा उघडायचा. शेवटी डबा कमरेच्या उंचीवर धरायचा आणि फरशीवर सोडून द्यायचा. कारखान्यात माल असाच तपासत. धप्प आवाज होतो आणि सबनीसकाका खालून काठीने छत ठोकतात. मग आई डबा उघडून एकेक चकली बघते, आणि एक जरी मोडली असली तरी सगळं पहिल्यापासून.

सात वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात तिचा गुडघा नवा होता. ठाण्याहून आणलं तेव्हा आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. वेदनेने तोंड पांढरं पडलं होतं, तरी सूचना चालूच. "कडेला धरू नका रे, खालून धरा. वळणावर आधी मागचे, मग पुढचे. सरळ ठेवा, सरळ!" वर पोचल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "आता खाली कधी जाणार गं मी?"

ती उंच स्टुलावर बसून कढईवर नजर ठेवायची, मी सोऱ्या फिरवायचे. दुपारी हिराबाई यायची. हिराबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आईच्याच वयाची, चाळीस वर्षं आमच्याकडे मासे घेऊन येणारी. श्रावण, मग गणपती, मग पंधरवडा. या दिवसांत तिची पाटी हलकी असायची, तरी ती तीन जिने चढून यायची आणि उंबऱ्यात बसून पाणी मागायची. मी तिला सबनीसकाकांचं पाहुणी प्रकरण सांगितलं. ती खोखो हसली.

"त्यो बोलला तुला पाहुनी? अगो, ही बिल्डिंग उबी हाय ना, तिथं माझे सासऱ्याची जाली सुकत. तुमी सगलीच बाहेरशी आलेली. सबनीस पन पाहुनाच. चाळीस वरसं झाली, जायाचा नाव नाय घेत!"

आई म्हणाली, "मग मी पण पाहुणी?"

"तू पन," हिराबाई म्हणाली. "पन तुला कोन जायाला बोलतंय? माझा मोठा पोर बोटीवर हाय. आठ महिने कुटं कुटं असतो. आला का जाला घेऊन खाडीत जातो. त्याला नाय कोनी इचारत किती दिस ऱ्हानार."

मी ते ऐकत होते आणि पर्समधलं पत्र आठवत होते. मला तेव्हा तिचा हेवा वाटला. तिच्या पोराला कुठल्याच किनाऱ्यावर सही करायची नव्हती.

मग आली सोसायटीची वार्षिक सभा. सप्टेंबर संपायच्या आत ती घ्यावीच लागते, त्यामुळे दर वर्षी ती पंधरवड्यातल्या नाहीतर त्याच्या आसपासच्या रविवारी पडते. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, वेफर्सच्या प्लेटी. त्या वर्षी विषय होता लिफ्टचा. तळमजल्याला आणि पहिल्या मजल्याला ती नको होती, हे साहजिक आहे. सबनीसकाका दुसऱ्या मजल्यावरचे, पण जिना चढणं हा त्यांचा अभिमान. "चाळीस वर्षं चढतोय. गुडघे बघा माझे," असं ते प्रत्येक सभेत म्हणत. मी आईच्या वतीने उभी राहिले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर किती म्हातारी माणसं आहेत, ती महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत, असं बोलायला सुरुवात केली.

काकांनी हात वर केला. "सभासद हजर असेल तरच बोलता येतं. नियम आहे. आणि तुम्ही काय, आठवड्याभराने विमानात बसणार. लिफ्ट हवी की नको ते इथे राहणाऱ्यांना ठरवू द्या ना."

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. माझी जीभ बरी तिखट आहे. पण त्या क्षणी ती टाळ्याला चिकटली. हेच वाक्य मी दुसऱ्या भाषेत ऐकून आले होते, आणि काका चुकीचं बोलत असतील तरी कागदावर ते लवकरच बरोबर ठरणार होते. मी खाली बसले. लाज वाटली. चाळिशी उलटलेली बाई, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला रडू येत होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. "अहो सबनीस!"

एरवी आई त्यांना कायम भावजी म्हणते. सगळ्यांच्या माना वर गेल्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई, गाऊनवर पंचा टाकलेला, एक हात वॉकरवर आणि दुसऱ्या हातात सोऱ्या.

"सभासद कोण? ती का मी?"

"तुम्हीच वहिनी. पण तुम्ही सभेला हजर नाही."

"मी दिसत्येय का तुम्हाला?"

"दिसताय."

"ऐकू येतंय?"

"अख्ख्या गल्लीला येतंय, काकू!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग मी हजर आहे. लिहा तसं. जिना उतरता येत नाही म्हणून तर लिफ्ट मागत्येय. उतरता आलं असतं तर कशाला मागितली असती?"

सभा हसायला लागली. काका म्हणाले, "पण वहिनी, हजर म्हणजे इथे खाली..."

"खाली-वर काय त्यात? माणूस लांब आहे म्हणून त्याचं मत जातं होय? माझा मेन्टेनन्स तिसऱ्या मजल्यावरून घेता ना, मग मतही तिथूनच घ्या!"

त्यावर चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. नाडकर्णी आजींचा. दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या, सोसायटीत नवीन आलेल्यांना त्या माहीतही नव्हत्या. "माझंही धरा," एवढंच त्या म्हणाल्या, बारीक आवाजात, पण खाली ऐकू आलं. मग काकांनी चष्मा पुसला, रजिस्टर ओढलं आणि दोन्ही नावं लिहिली. मतं मोजली, ठराव मंजूर झाला.

मी जिना चढून वर आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर मला थांबावं लागलं, इतकं हसू येत होतं, आणि मग हसता हसता रडू आलं. तिथेच कठड्याला टेकून रडून घेतलं. सगळी वर्षं मी स्वतःला हेच पटवत आले होते की जो लांब गेला त्याचा हक्क थोडा कमी होतो, त्याने जरा खालच्या आवाजात बोलावं, आल्यावर बॅगेतून चॉकलेटं काढून द्यावीत आणि सगळ्यांचं सगळं गोड मानून घ्यावं. तिकडेही तेच, आपण नंतर आलो तर जरा मागे उभं राहावं. दोन देशांत मिळून मी शहाण्या मुलीसारखी वागत होते. आणि जिला जिन्याच्या तीन पायऱ्या उतरता येत नाहीत ती माझी आई गॅलरीतून सरळ सांगते की मी आहे, लिहून घ्या.

लिफ्ट यायला पुढे दोन वर्षं लागली. आता तिच्यातून सर्वांत जास्त खालीवर करतात ते सबनीसकाका. काठी टेकत, पंधरवड्यात वास आला की एक मजला वर येतात, स्टुलावर बसतात आणि मोडक्या चकल्या संपवायचं काम करतात. परवाही आले होते. मला पाहिलं आणि "आलीस?" एवढंच म्हणाले. मुक्काम विचारला नाही. विचारला असता तर 'तुमचा किती?' हे उत्तर तयार होतं माझ्याकडे, हे त्यांनाही ठाऊक असावं.

आता त्या वर्षीच्या सभेनंतरच्या सोमवारचं सांगते. सकाळी बाबांचं पान झालं होतं. दुपारी आई खोकं भरत होती आणि मी लेबलवर पत्ता लिहीत होते. मी स्वतः जाणार असले तरी खोकं कुरियरनेच जायचं, विमानातल्या बॅगफेकीवर आईचा विश्वास नव्हता. पेन चालत असतानाच मी बोलून टाकलं, मान वर न करता.

"आई, मी तिकडची नागरिक होतेय. होणार आहे. इकडचा पासपोर्ट परत द्यावा लागेल."

चिवडा भरणारा तिचा हात थांबला. तिने विचारलं, "मतदार यादीतलं नाव जाणार तुझं?"

"जाणार."

"आपली नावं खालीवर आहेत यादीत. बाबांचं गेलं. आता तुझं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही, पुसलंही नाही. "घरी येता येईल ना?"

"येईल गं. एक कार्ड मिळतं. कधीही येता येतं, राहता येतं."

"मग कशासाठी चाललंय हे?"

तेव्हा मी तिला तलावाचं सांगितलं. तोपर्यंत सांगितलं नव्हतं. परदेशातलं रडगाणं घरी सांगायचं नाही, असा आम्हा सगळ्यांचा एक मूर्ख शिरस्ता असतो. मतपत्रिका आली नाही ते सांगितलं. शेजारच्या म्हातारीने मला पाहुणी म्हटलं ते सांगितलं. "आणि काल काकाही तेच म्हणाले, आणि मी गप्प बसले," हेही सांगितलं.

आई रागावली. मला वाटलं पासपोर्टवरून. तिने डब्यावरचा हात काढला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला मान वर करायला लावली.

"सही कर तू. उद्याच कर," ती म्हणाली. "गप्प बसायला नाही पाठवलं मी तुला एवढ्या लांब."